गिंबल असूनही चालताना फ्रेम वरखाली होते. दिंडीच्या शूटिंगसाठी व्हेस्ट-आर्म घ्यावं का?

पताका_परभणी

नमस्कार मंडळी. परभणी, सेलू, मानवत या पट्ट्यात लग्नं आणि कार्यक्रम शूट करतो. सेट असा आहे: सोनी ए७ फोर कॅमेरा, टॅमरॉन २८-७५ एफ २.८ जी२ लेन्स आणि कॅमेरा मोटरनं सरळ धरणारं डीजेआय आरएस ३ गिंबल. फाल्गुनात नाथषष्ठीला पैठणला जाणाऱ्या एका दिंडीबरोबर शेवटचे दोन मुक्काम चालत शूट करायचं ठरलंय. टाळकरी, मृदंगवाले, डोक्यावर तुळस घेतलेल्या बाया, सगळं जवळून आणि सलग शॉटमध्ये हवंय. अभंग चालू असताना मध्ये कट नको, असं दिंडीवाल्यांचंही म्हणणं आहे.

अडचणी तीन आहेत.

एक, गिंबल नीट बॅलन्स केलेलं आहे, मोटर कुरकुरत नाही, क्षितिज सरळ राहतं. तरी चालायला लागलं की फ्रेम पावलागणिक वरखाली होते. लांबच्या शॉटमध्ये कळत नाही, जवळच्या माणसावर लगेच कळतं. असं का?

दोन, अंगावर घालायचा व्हेस्ट, दोन जोडांचा स्प्रिंग आर्म आणि स्लेड, म्हणजे वर कॅमेरा आणि खाली वजनाच्या पट्ट्या असलेला उभा दांडा, असा पूर्ण सेट सेकंडहँड मिळायलाय. घ्यावा का? घेतला तर कॅमेरा स्लेडवर लावायचा की गिंबलच आर्मवर बसवायचं?

तीन, ऊन आणि गर्दी. व्हेस्ट घालून तीन-तीन तास चालणं जमतं का?

ज्यांनी हे प्रत्यक्ष वापरलंय त्यांनी सविस्तर सांगा. व्हिडिओ पुष्कळ पाहिले, पण सगळे मॉलमध्ये नाहीतर गुळगुळीत रस्त्यावर चालून दाखवतात.

स्लेड_आणि_स्प्रिंग

दादा, पहिल्या प्रश्नाचं उत्तर नीट लक्षात आलं की दुसऱ्याचं आपोआप मिळतं, म्हणून तिथूनच धरतो.

हातातल्या कॅमेऱ्याची हालचाल दोन तऱ्हेची असते. एक म्हणजे फिरणं: लेन्स वर-खाली झुकते, डावी-उजवीकडे वळते, क्षितिज कलतं. दुसरी म्हणजे अख्खा कॅमेरा जागेवरून सरकणं: वर, खाली, बाजूला. मोटरचं गिंबल फक्त पहिली हालचाल मारतं. तीन मोटरा, तीन अक्ष, तिन्ही फिरण्याचे. कॅमेरा पाच सेंटीमीटर वर उचलला गेला तर गिंबलला त्यात दुरुस्त करण्यासारखं काही सापडतच नाही, कारण लेन्स सरळच आहे. चालताना माणसाचं धड साधारण ४-५ सें.मी. वरखाली होतं आणि ते तसंच्या तसं कॅमेऱ्यात जातं.

जवळ दिसतं आणि लांब दिसत नाही, याचा हिशोब सोपा आहे. २८ मिमी लेन्सवर फुल फ्रेम १६:९ मध्ये एक मीटरवरच्या माणसापाशी फ्रेमची उंची साधारण ७२ सें.मी. असते. त्यात ५ सें.मी. म्हणजे जवळजवळ ७ टक्के, डोळ्याला सरळ खटकतं. तोच माणूस २० मीटरवर असला तर फ्रेमची उंची साडेचौदा मीटर होते आणि ५ सें.मी. त्यात कुठल्या कुठे विरून जातं. म्हणून गिंबलवर मंदिराचं शिखर स्थिर दिसतं आणि शेजारचा टाळकरी उड्या मारतो.

सॉफ्टवेअरनंही हे पूर्ण सुटत नाही. जवळचं आणि लांबचं वेगवेगळ्या प्रमाणात हललेलं असतं, त्यामुळं एकाला स्थिर करावं तर दुसरं हलायला लागतं.

या सरकण्यावर इलाज दोनच, पाय आणि स्प्रिंग. पायांचं तंत्र म्हणजे गुडघे किंचित वाकवलेले, पाऊल लहान, टाच आधी टेकवून मग चवडा, दोन्ही पावलं जवळजवळ एका रेषेत. त्यानं बरंच कमी होतं, पण तीन तास गुडघे वाकवून कुणी चालू शकत नाही. तिथं स्प्रिंग आर्म कामाला येतो. गॅरेट ब्राउन यांनी १९७० च्या दशकात स्टेडीकॅम केला तो याच तत्त्वावर: वजन अंगावर, कॅमेरा स्प्रिंगवर तरंगता आणि फिरण्याची हालचाल थोपवायला लांब दांड्यावर पसरलेलं वजन. मोटर एकही नाही.

तेव्हा तुमचं गिंबल बिघडलेलं नाही. त्याचं ते कामच नाही.

जालना_रिगवाला

वरचं सगळं बरोबर. आता दुसरा प्रश्न, स्लेड की आर्मवर गिंबल.

ए७ फोर बॅटरी-कार्डसकट ६५८ ग्रॅम, टॅमरॉन ५४० ग्रॅम, म्हणजे १.२ किलो. एवढा हलका कॅमेरा नुसत्या स्लेडवर ठेवला तर जडत्व फार कमी पडतं. वाऱ्याची झुळूक आली, बोट लागलं, की फ्रेम फिरली. शिवाय आर्मला किमान वजन लागतं. स्प्रिंग त्या वजनासाठीच ताणलेली असते, कमी वजन टाकलं की आर्म वर उडतो आणि तिथंच अडकून राहतो. अशा वेळी कॅमेऱ्याखाली लोखंडी पट्टी घालून वजन मुद्दाम वाढवावं लागतं. अर्धा ते एक किलो वाढवलं की स्लेड एकदम शहाण्यासारखा वागायला लागतो. नवीन माणूस वजन कमी करायला बघतो आणि तिथंच फसतो.

गिंबल आर्मवर लावलं तर आरएस ३ चं साधारण १.३ किलो धरून एकूण अडीच किलो होतं. आर्मचं टोक समांतरभुज चौकोनासारखं चालतं, म्हणून वरखाली होतानाही टोकाची पिन उभीच राहते आणि तिच्यावर गिंबलची मूठ बसवता येते. गिंबलच्या तळाला पाव इंच किंवा तीन अष्टमांश इंचाचा आटा असतो, पिनचा व्यास आर्मप्रमाणे वेगळा. मधला अडॅप्टर लेथवाल्याकडून करून घ्या, पण ॲल्युमिनियमचा, आणि आडवा लॉकिंग स्क्रू असलेला. नुसत्या आट्यावर सोडलं तर चालता चालता मूठ फिरत फिरत ढिली होते.

तुमच्या कामाला माझं मत आर्मवर गिंबल, स्लेड नको. स्लेडवर हात बसायला कित्येक आठवड्यांचा रोजचा सराव लागतो. गिंबल तुमच्या हाताला बसलेलंच आहे. फिरणं मोटर सांभाळेल, सरकणं आर्म सांभाळेल. गिंबल पॅन-फॉलोवर (फक्त डावं-उजवं वळणं पाळणारा मोड), वेग कमी, डेडबँड (किती हालचालीकडं दुर्लक्ष करायचं ती मर्यादा) थोडा वाढवून ठेवा. नाहीतर आर्म डोलला की गिंबलला वाटतं तुम्हाला वळायचंय.

तोटाही सांगतो. कॅमेरा उंच येतो, जवळजवळ डोळ्यांच्या पातळीला. विसाव्याला बसून भजन करणारी मंडळी घ्यायची असतील तर आर्म पूर्ण खाली दाबून धरावा लागतो. त्यात स्प्रिंग वर ढकलत राहते आणि हात थरथरतो. त्या शॉटला आर्म सोडा, गिंबल काढून आडवं धरा आणि बसून घ्या.

स्लेड_आणि_स्प्रिंग

रिगवाले दादांशी बव्हंशी सहमत, पण स्लेड एवढ्यात निकालात काढू नये. मोटर, बॅटरी, कॅलिब्रेशन काही नाही. धुळीत बंद पडत नाही. शॉट सुरू करताना आणि थांबवताना जो मऊपणा मिळतो तो मोटरच्या गिंबलला येत नाही. आणि सेट मिळतोच आहे तर बॅलन्स तरी शिकून घ्यावा. लोक इथंच घाई करतात, म्हणून क्रम सांगतो.

कॅमेरा आधी पूर्ण तयार करा. लेन्स, फिल्टर, कार्ड, बॅटरी, माइक, हुड, सगळं लावून. स्क्रीन ज्या स्थितीत वापरणार त्याच स्थितीत उघडलेली. नंतर एक फिल्टर जरी चढवला तरी पुन्हा पहिल्यापासून.

कॅमेऱ्याची प्लेट गोल पेन्सिलवर आडवी ठेवून तोल कुठं सापडतो ते बघा आणि तिथं चिकटपट्टीची खूण करा. ही खूण दांड्याच्या मध्यावर नको, मध्यापासून साधारण २ सें.मी. मागं हवी. का, ते पुढं येईल.

स्लेड स्टँडवर टांगा. पुढं-मागं आणि डावं-उजवं कॅमेरा बसतो त्या वरच्या स्टेजच्या स्क्रूनं जुळवा. खालच्या पट्ट्या इथं हलवू नका.

मग ड्रॉप टाइम. दांडा आडवा धरा, सोडा, आणि तो उभ्या रेषेतून जाईपर्यंत मोजा. दोन ते अडीच सेकंद हवेत. त्याआधी आला तर खालचा भाग फार जड आहे. स्लेडचं गिंबल (दांड्यावरचा मुठीचा मोकळा सांधा, याला मोटर नसते) दांड्यावर दोन-तीन मिलिमीटर खाली सरकवा, किंवा खालची एक पट्टी काढा. चार सेकंद लागले तर उलट करा. बरेच जण खाली जड ठेवतात, कारण स्लेड आपोआप उभा राहतो आणि सोपं वाटतं. पण खाली जड स्लेड म्हणजे लंबक. तुम्ही चालायला लागलात की तळ मागं राहतो, थांबलात की पुढं येतो आणि क्षितिज डुलतं. दिंडीत तर चालणं-थांबणं सारखं चालूच असतं, तिथं हे फार नडतं.

शेवटी डायनॅमिक बॅलन्स, म्हणजे फिरतानाचा तोल. स्लेड उभा ठेवून दांड्याला हलका पीळ द्या, दोन सेकंदाला एक फेरा होईल एवढाच. फिरताना दांडा सरळ राहिला तर झालं. भोवऱ्यासारखा कलंडायला लागला तर खालचा मॉनिटर किंवा बॅटरी अर्धा सेंटीमीटर आत-बाहेर करा, वरून स्टॅटिक बॅलन्स (स्थिर असतानाचा तोल) पुन्हा जुळवा, पुन्हा फिरवा. फिरताना प्रत्येक वजन बाहेर ओढतं. खालची बॅटरी मागं आणि मॉनिटर पुढं असतो, त्यांच्या ओढीला वरच्या कॅमेऱ्याची ओढ जुळावी लागते. ते २ सें.मी. मागं ठेवणं त्यासाठीच. ही पायरी गाळली तर सरळ चालताना काही कळत नाही. पॅन केला की क्षितिज तिरकं होतं आणि माणूस दोष हाताला देत बसतो.

हाताचं म्हणाल तर एक हात स्लेडच्या गिंबलच्या मुठीवर, तो फक्त उंची आणि अंतर ठरवतो. दुसऱ्या हाताची दोन बोटं आणि अंगठा गिंबलच्या लगेच खाली दांड्यावर, पतंगाचा मांजा बोटावर जाणवतो तेवढ्याच दाबानं. दांडा खालून मुठीत आवळला की पावलांचे सगळे धक्के वर जातात.

गोदाकाठ

नाथषष्ठीला पैठणात शूट करतो, त्यामुळं जागेचं बोलतो.

षष्ठीपासून अष्टमीच्या काल्यापर्यंत गावात आणि गोदेच्या वाळवंटात जी गर्दी असते तिच्यात व्हेस्ट-आर्म घालून शिरू नका. आर्म अंगापासून हातभर पुढं असतो. मागून रेटा आला की तुम्ही सरकता, कॅमेरा तिथंच राहतो आणि मग झटक्यात येऊन समोरच्या म्हाताऱ्या माणसाच्या डोक्याला लागतो. अडीच-तीन किलोची वस्तू आहे ती. रस्त्यावर, दिंडी रांगेत चालत असताना, शेताच्या कडेनं: तिथं व्हेस्ट उत्तम. गावात शिरलं की काढा आणि हातात नुसतं गिंबल घ्या. घाटाच्या पायऱ्या ओल्या असतात, तिथं तर नकोच.

मागं चालत शूट करायचं असेल तर जोडीला माणूस लागतोच लागतो. तो तुमच्या मागं, एक हात तुमच्या कमरेच्या पट्ट्यावर. बोलून सांगायचं नाही, मृदंगात ऐकू येत नाही आणि आवाजही रेकॉर्ड होतो. खुणा आधी ठरवा: एकदा दाबलं तर हळू, दोनदा दाबलं तर थांबा, डावीकडं ओढलं तर डावीकडं सरका. डांबरी रस्त्याची कड आणि शेतातली काळी माती यात बऱ्याच ठिकाणी वीतभर खड्डा असतो. पाय तिथंच मुरगळतो.

व्हेस्टची झटपट सुटणारी पिन किंवा क्लिप कुठं आहे ते जोडीदारालाही दाखवून ठेवा. डोळे मिटून, डाव्या हातानं, पाच सेकंदांत व्हेस्ट उतरवता आला पाहिजे. घरी हे करून बघा.

आणखी एक. वारकरी मंडळी पावली खेळायला लागली की मधे शिरू नका, कडेनं राहा. त्यांचा ताल बिघडतो. विणेकऱ्याच्या पुढं कॅमेरा आडवा धरू नका. शॉट चांगला की वाईट हा नंतरचा प्रश्न, आधी त्यांची चाल.

लातूर_लेन्स

मला थोडं वेगळं वाटतं. दोन दिवसांच्या कामासाठी व्हेस्ट-आर्म कशाला? अडचण वजनाची असेल तर गिंबलखाली मोनोपॉड जोडा आणि कमरेला झेंडा धरायचा पट्टा बांधून त्याच्या खोबणीत मोनोपॉडचं टोक ठेवा. मनगट सुटतं, खर्च नगण्य. किंवा पाठीवरून डोक्यावर दांडा येतो आणि दोरीला कॅमेरा टांगतात, तो एझीरिगसारखा प्रकार भाड्यानं आणा.

जालना_रिगवाला

लातूर_लेन्स दादा, वजनापुरतं दोन्ही चालेल. पण मूळ तक्रार वरखाली होण्याची आहे. कमरेच्या पट्ट्यात मोनोपॉड टेकवला की कंबर जितकी वर जाईल तितका कॅमेरा वर जाणार, मधे झेलायला काहीच नाही. हातात धरलं तर निदान कोपर थोडंफार झेलतं. उभं राहून कीर्तन घ्यायला पट्टा छान, चालायला नाही.

एझीरिगचंही तेच. ती वजन पाठीवरून कमरेवर नेते, स्थिरता देत नाही. पावलाचा झटका दोरीतून खाली येतो. म्हणून तर तिच्या टोकाला लावायला फ्लोसीन कंपनीचा सेरीन नावाचा स्प्रिंगवाला जोड वेगळा मिळतो. तो असेल तर गोष्ट वेगळी.

पताका_परभणी

सगळ्यांचे आभार. लई उलगडा झाला. गोदाकाठ दादांचं पटलं, गावात व्हेस्ट घालणार नाही. रस्त्यावर आर्म अधिक गिंबल असं ठरवतो, स्लेड सरावासाठी ठेवीन.

आता दोन गोष्टी. सेकंडहँड सेट बघायला जायलोय रविवारी, तिथं काय तपासू? आणि व्हेस्ट बांधायची, आर्म सेट करायची पद्धत कुणी नीट सांगेल का? विकणारा म्हणतो, "घाला आणि चाला."

जालना_रिगवाला

घालून चालता येत नाही, पाठ धरते.

तपासणी आधी. सोबत तुमचं पूर्ण किट न्या, आणि वजनकाट्यावर तोलून न्या. आर्मवर ते लावून बघितल्याशिवाय पैसे देऊ नका.

आर्म: दोन्ही जोड रिकामे असताना हातानं वरपासून खालपर्यंत हळू न्या. मधे कुठं टकटक, खरखर किंवा अडखळ लागली तर बेअरिंग गेलंय किंवा स्प्रिंग घासतेय. आर्मचं टोक धरून बाजूला हलवा. सांध्यात खेळ असेल तर तो प्रत्येक पावलाला फ्रेममध्ये टकटकणार. स्प्रिंगच्या वेटोळ्यांत गंज दिसला तर सोडून द्या. आणि स्प्रिंगचं नळकांडं कुणाला उघडू देऊ नका, आत ताण प्रचंड असतो, बोट जाईल.

स्लेडचं गिंबल: बॅलन्स करून उभा ठेवा आणि दांडा न हलवता फक्त मूठ दांड्याभोवती पूर्ण फिरवा. दांडा उभाच राहिला पाहिजे. मूठ जिकडं जाईल तिकडं दांडा झुकत असेल तर गिंबलचे अक्ष एका बिंदूत मिळत नाहीत. हा दोष बॅलन्सनं जात नाही. स्वस्त सेटमध्ये हा फार आढळतो.

व्हेस्ट: खांद्याचे पट्टे आधी पूर्ण ढिले. सुरुवात कमरेच्या पट्ट्यापासून. तो पोटावर नाही, कमरेच्या हाडाच्या कडेवर बसला पाहिजे, चांगला घट्ट. मग छातीचा पट्टा, पूर्ण श्वास भरून त्या स्थितीत आवळायचा. खांद्याचे शेवटी, आणि त्यांच्याखाली दोन बोटं सहज जावीत. वजन हाडांवर बसायला हवं. खांद्यावर बसलं तर अर्ध्या तासात मान आखडते.

आर्म: पूर्ण वजन लावून हात सोडा. दोन्ही जोड जमिनीला समांतर किंवा जरासे वर हवेत. खाली लोंबला तर स्प्रिंग आवळा, वर गेला तर सैल करा, दोन्ही जोडांना सारखेच फेरे, एका वेळी अर्धा. एक जोड वर आणि दुसरा खाली असं झालं तर आर्म मधल्या उंचीला वजन झेलत नाही, टोकांनाच जाऊन बसतो.

आता सगळ्यात दुर्लक्षित भाग, छातीवरचा सॉकेट ब्लॉक, म्हणजे आर्म व्हेस्टला जोडतो तो भाग. त्याला दोन दिशांचे स्क्रू असतात. सैल उभे राहा, हात सोडा. कॅमेरा तुमच्यापासून पुढं पळत असेल, अंगावर येत असेल किंवा बाजूला सरकत असेल तर त्या त्या स्क्रूचा अर्धा फेरा, पुन्हा सोडून बघा. हात न लावता दहा सेकंद तो एका जागी तरंगला पाहिजे. हे जुळलेलं नसलं की माणूस नकळत मागं झुकून कॅमेरा आवरत राहतो. कंबर तिथूनच दुखायला लागते. उभं राहण्याची तुमची ढब बदलली की हेही बदलतं, म्हणून रोज सकाळी एकदा बघायचं. मणक्याचा, गादी सरकल्याचा त्रास असेल तर मात्र डॉक्टरांना विचारल्याशिवाय हे अंगावर चढवूच नका.

आर्म कुरकुरला तर सांध्यांना सुकं सिलिकॉन वंगण, थेंबभर. घरातलं गोडेतेल किंवा मशीनचं तेल नको, आपल्याकडची धूळ त्यावर बसली की पॉलिश पेपर होतो. स्लेडच्या गिंबलच्या बेअरिंगला तर काहीच घालू नका. मऊ ब्रशनं झाडा, रात्री कापडात गुंडाळून ठेवा.

गोदाकाठ

ऊन आणि तीन तासांचं राहिलंच की. सलग तीन तास होत नाही आणि करूही नये. वीस-पंचवीस मिनिटं अंगावर, मग उतरवायचं. दिंडी विसाव्याला थांबतेच, त्या हिशोबानं बसवा. सोबतीच्या गाडीत मजबूत लाइट स्टँड ठेवा, पायावर वाळूची पिशवी टाकून. रिग त्यावर टांगायची, जमिनीवर ठेवायची नाही. व्हेस्टच्या आत सुती बंडी घाला. सिंथेटिक टी-शर्टवर पट्टा घामानं सरकतो आणि कमरेचं हाड सोलून निघतं. पाणी तहान लागायच्या आधी, घोट घोट.

कॅमेऱ्यात 'ऑटो पॉवर ऑफ टेम्प' हाय वर करा आणि स्क्रीन बॉडीपासून उघडी ठेवा, मागची उष्णता निघून जाते. थांबलात की पांढरं उपरणं टाका कॅमेऱ्यावर. काळी बॉडी उन्हात तापायला वेळ लागत नाही.

लातूर_लेन्स

माझा मुद्दा मागं घेतो, चालण्यासाठी आर्मच बरा. लेन्स आणि सेटिंगचं कुणी बोललं नाही म्हणून ते लिहितो.

टॅमरॉन झूम करताना लांब होते, म्हणजे बॅलन्स बदलतो. आर्मवर ती २८ ला ठेवून विसरून जा, नाहीतर एखादी आतल्या आत झूम होणारी वाइड लेन्स भाड्यानं घ्या. सोनीची १६-३५ एफ ४ पॉवर झूम ३५३ ग्रॅमची आहे आणि झूम केलं तरी लांबी बदलत नाही. या कामाला ती योग्य. वाइडवर पावलाचा झटकाही कमी दिसतो.

४के ५०पी (सेकंदाला ५० फ्रेम) घेऊ नका, दोन कारणं. ए७ फोर त्यात दीड पट क्रॉप करतो, १६ मिमी थेट २४ मिमीसारखी दिसते. आणि ५०पी स्लो करून २५ वर चालवलं की झटके सुंदर मऊ होतात हे खरं, पण टाळ-मृदंग जुळत नाही. तुम्हाला तर अभंग सलग हवाय. ४के २५पी, शटर १/५०. आपली वीज ५० हर्ट्झची असल्यानं रात्रीच्या भजनात दिवेही लुकलुकणार नाहीत.

१/५० शटरला भर उन्हात एनडी, म्हणजे उजेड कमी करणारा काळा फिल्टर, लागणारच. आयएसओ १०० ला कडक उन्हात एफ २२ येतं. एफ ५.६ वर यायचं तर चार स्टॉप (दर स्टॉपला उजेड निम्मा), म्हणजे एनडी १६. एस-लॉग ३ (रंग नंतर जुळवायचे म्हणून फिकं रेकॉर्ड होणारं प्रोफाइल) मध्ये शूट करणार असाल तर आयएसओ ८०० पासून सुरुवात, आणखी तीन स्टॉप, म्हणजे एनडी १२८. व्हेरिएबल एनडी १६ मिमीवर पूर्ण आवळला की आकाशात काळी फुली उमटते, तेव्हा वाइडला ठरावीक एनडी घ्या.

ऑटोफोकस एएफ-सी (सतत फोकस), चेहऱ्यावर. ट्रान्झिशन स्पीड ३ ते ४, सब्जेक्ट शिफ्ट सेन्सिटिव्हिटी १ किंवा २. ही महत्त्वाची, कारण मधून पताका आडवी गेली की फोकस तिच्यावर पळतो. आकडा कमी ठेवला की तो चेहऱ्याला धरून राहतो.

पताका_परभणी

बॉडीतलं स्टेबिलायझेशन चालू ठेवू की बंद? आणि नंतर गायरोफ्लो (कॅमेऱ्यातल्या गायरो सेन्सरच्या नोंदीवरून फ्रेम स्थिर करणारं सॉफ्टवेअर) लावला तर?

लातूर_लेन्स

वाइड लेन्सवर गिंबल असताना बंद. चालू असलं की सेन्सर आणि गिंबल एकमेकांच्या विरुद्ध दुरुस्ती करतात आणि फ्रेमचे कोपरे जेलीसारखे थरथरतात. ५० मिमीच्या पुढं उभ्या-उभ्या शॉटला चालू ठेवायला हरकत नाही.

गायरोफ्लो फुकट आहे आणि ए७ फोर फाइलमध्ये गायरोचा डेटा लिहितो, तेव्हा जमतं. पण त्यासाठी बॉडीतलं बंद ठेवलेलं बरं, आणि शटर १/२०० च्या आसपास. १/५० वर प्रत्येक झटक्याचा ब्लर फ्रेममध्ये छापला गेलेला असतो. फ्रेम स्थिर झाली तरी तो ब्लर जागच्या जागी धडधडत राहतो. शिवाय गायरोलाही फिरणंच कळतं, सरकणं नाही. चालण्याच्या शॉटला आर्म आणि १/५०, गावातल्या गर्दीत नुसतं गिंबल हातात असेल तेव्हा १/२०० आणि नंतर गायरोफ्लो, असे दोन सेट मेमरी रिकॉलच्या १ आणि २ वर घालून ठेवा. शटर बदलला की एनडीही बदलावा लागेल, १/२०० ला दोन स्टॉप कमी.

स्लेड_आणि_स्प्रिंग

आणि फिल्टर बदलल्यावर गिंबल पुन्हा बॅलन्स, आधी टिल्ट (वर-खाली झुकणं), मग रोल (कलणं), शेवटी पॅन (वळणं). त्यानंतर ऑटो ट्यून, म्हणजे मोटरांचा जोर आपोआप जुळवून घेणं. हे गावात शिरायच्या आधी एखाद्या झाडाखाली थांबून करा, गर्दीत पॅनचा स्क्रू सापडत नाही.